औषध ठेवलंय का?

२ फेब्रुवारी

पाळणाघराचं खोटं छत आज एकदाचं पुरं झालं. स्वयंपाकघरापासून पोरांच्या खोलीपर्यंत सलग, पांढरंशुभ्र, कुठे जोड दिसत नाही. वरच्या जुन्या काळपट तुळया आता कुणाच्या बापाला दिसायच्या नाहीत. आया आत आल्या की आधी वर बघतात आणि मग पोर माझ्या हातात देतात, हे मी बघून ठेवलंय.

फक्त त्या छतावर उंदीर धावतात. दुपारी पोरं निजली की वर शर्यत सुरू. बँकेतली बाई, म्हणजे आम्ही बटाट्या म्हणतो त्या गुबगुबीत पोराची आई, आज त्याला न्यायला लवकर आली आणि म्हणाली, "वर काय वाजतंय हो?" मी म्हटलं, "वारा." शेपटीचा वारा!

संध्याकाळी औषध आणून ठेवलं. वायरींसाठी छताला एक चौकोनी झाकण ठेवलंय, ते सरकवून हात जाईल तिथपर्यंत गुलाबी वड्या भिरकावल्या. ह्यांनी स्टूल धरलं होतं. वन्सं दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "पिंजरा लाव ना, वहिनी. वरच्या वर मेले तर काढणार कोण?"

"पिंजऱ्यातला उंदीर लांब सोडून यायला तुम्ही जाणार का?" मी विचारलं. तशा गेल्या आपल्या खोलीत.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, निवृत्त झाल्यापासून मागच्या खोलीत असतात. घर सासऱ्यांचं, म्हणजे त्यांच्याही वडिलांचं, तेव्हा मला तोंडातून ब्र काढायची सोय नाही. म्हणून ही वही.

११ फेब्रुवारी

वर सामसूम. औषधाने काम केलं. मी ह्यांना म्हटलं, "बघा, याला म्हणतात बंदोबस्त." हे "हं" म्हणाले. ह्यांच्या "हं"चा अर्थ लावायचा मी कधीच सोडून दिलाय.

वन्संच्या खोकल्याने मात्र डोकं उठलं. सकाळी चूळ भरतात तीही अशी की गल्लीला कळावं. कवळी पेल्यात, कंगव्यात पांढरे केस, बशीत कसलंसं चूर्ण भिजवलेलं. पाळणाघर आहे हे, दवाखाना नव्हे. पण दुपारी त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली की सातही पोरं गाढ झोपतात, एवढं मान्य करायला हवं. माझ्या थोपटण्याने बटाट्या जास्तच जागा होतो.

२० फेब्रुवारी

घरात वास येतोय. गोडसर, घशाशी बसणारा. गटार म्हणावं तर गटार नाही. मी संडासात फिनेल ओतलं, मोरी घासली, सिंकखाली डोकं घालून बघितलं. शेवटी वन्संच्या खोलीत गेले आणि त्यांचं लोकरीचं खोकं उघडून हुंगलं. त्या बघत होत्या. मला म्हणाल्या, "वहिनी, वास स्वयंपाकघरात आहे. वरून येतोय."

नाक तेवढं शाबूत राहिलंय त्यांचं! वर माझं नवंकोरं छत आहे. त्याला रंगाचा वास असेल तर असेल.

उदबत्त्या लावल्या. उदबत्ती आणि तो वास मिळून जे काही झालं त्याने मला जेवण गेलं नाही.

२८ फेब्रुवारी

वास कमी झाला. फिनेलचा गुण.

७ मार्च

आज जे झालं ते लिहितानासुद्धा किळस येतेय.

पोरांचं दूध ग्लासात ओतत होते. ओतता ओतता एक काळं काहीतरी धारेबरोबर आलं आणि तरंगायला लागलं. मला वाटलं वेलदोड्याचं टरफल. चमच्याने काढायला गेले तर त्याने पाय हलवले. किडा! टणक पाठीचा, डाळीच्या दाण्याएवढा, काळपट, कमरेवर फिक्कट पट्टा. ग्लास तसाच मोरीत ओतला. मग बघते तर खिडकीच्या चौकटीत चार-पाच मरून उताणे पडलेले, एक ओट्यावर चालतोय, अगदी स्वतःच्या घरात असल्यासारखा. चपलेने दाबला तर कर्र वाजला. तो आवाज अजून टाचेत आहे.

संध्याकाळी डब्यातलं सगळं धान्य मोठ्या ताटात पसरून बसले. एकसुद्धा नाही. पिठात नाही, रव्यात नाही. धान्यात नाही तर हे मेले खातात तरी काय?

ह्यांना दाखवला. म्हणाले, "भुंगा दिसतोय." एवढ्या मोठ्या शोधाबद्दल त्यांचा सत्कार करायला हवा.

१० मार्च

झुरळांचा फवारा आणून मारला. सकाळी केर काढताना सुपलीभर निघाले. झाडूच्या हिरांत अडकलेले बोटाने काढावे लागले. दुपारपर्यंत तितकेच परत हजर.

१३ मार्च

आता दुसरीच जात आली आहे. अळ्या. तपकिरी, केसाळ, दोन्ही टोकांना निमुळत्या, शेपटीवर काट्यांची जोडी. पोरांच्या गादीची घडी उलगडली आणि घडीत त्यांच्या कातींचा सडा. गव्हाच्या कोंड्यासारखा हलका, फुंकर मारली की उडणारा. मी फुंकर मारली आणि त्यातलं एक माझ्या ओठाला चिकटलं. मोरीकडे धावले. साबणाने तोंड तीनदा धुतलं.

बटाट्याच्या मानेवर लाल पुरळ उठलंय. त्याच्या केसांतून मी एक अळी चिमटीत धरून काढली तेव्हा तो हसत होता. त्याला वाटलं मी गुदगुल्या करतेय.

त्याची आई न्यायला आली तेव्हा मी त्याच्या मानेला पावडर फासून ठेवली होती. तिने पुसून बघितलं. शांत बाई आहे, आवाज चढवत नाही, तेच वाईट. म्हणाली, "आठवडाभर मी त्याला आईकडे ठेवते. तोवर घर साफ झालं तर बघू. नाहीतर मला बाकीच्यांनाही सांगावं लागेल." बाकीच्या म्हणजे बाकीच्या सगळ्या आया. बटाट्या गेला तर पाळणाघर गेलं, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.

मी हे उभं करायला काय काय केलंय ते मला माहीत. एका किड्यापायी मी ते बुडू देणार नाही.

१४ मार्च

वन्संच्या लोकरीच्या खोक्यात अळी सापडली! एकच होती, झाकणाच्या कडेला, पण होती. मला वाटलंच होतं.

"बाहेरून आली असेल," वन्सं म्हणाल्या. "माझी लोकर बघ, एक धागा कुरतडलेला नाही."

"म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातून आली?"

"वर बघ ना एकदा. झाकण काढून बघ. मी स्टूल धरते."

स्वतःच्या खोलीवरून लक्ष हटवायला माझ्या छताला नावं ठेवायची! मी खोक्याचं झाकण आपटून लावलं. बोलले असते तर थांबले नसते.

१५ मार्च

मोठ्या रस्त्यावरच्या फवारेवाल्याला फोन केला. माणूस बडबड्या. नाक चोंदलेलं, तरी तोंड बंद नाही. म्हणाला, आत्ता हाताशी एका गोदामाचं काम आहे, पंधरा दिवस हलता यायचं नाही. मी म्हटलं, पंधरा दिवसांत माझं दुकान बंद होईल, फोनवर तरी काही सांगा. मग त्याने किड्याचं वर्णन विचारलं. मी सगळं सांगितलं, पट्टा, केस, काटे.

"धान्यातले नव्हेत ते," तो म्हणाला. "हे सुकलेल्यावर येतात. घरात चामडं, पिसं, लोकर?"

"लोकर आहे. एकच खोकं."

"त्यावर एवढे व्हायचे नाहीत. बरं, औषध ठेवलंय का कुठं?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "हो! ठेवलंय ना. आमच्या नणंदेने. कपाटावर, पलंगाखाली, उशाशी, विचारू नका!"

"मग झालं! तिथूनच येतात. लोक औषध ठेवतात आणि विसरून जातात. आतल्या आत वाळत पडतं, आणि मग त्याला हे लागतात. किती दिवस झाले?"

"अहो, दिवस कसले, वर्षं झाली."

"वर्षं?" तो हसतच सुटला. "मग तर आत गोदाम भरलं असेल. ज्यांनी ठेवलंय त्यांनाच विचारा कुठं कुठं ठेवलंय, आणि आधी ते सगळं बाहेर काढा. कोपरा न् कोपरा. ते निघाल्याशिवाय मी लाख फवारे मारले तरी उपयोग नाही."

फोन ठेवला तेव्हा माझ्या डोक्यावरचा भार उतरला. त्या पुड्या! ती चूर्णं, मुळ्या, साली, सुकवलेली पानं. वर्षानुवर्षं साठवलेला झाडपाला. मी म्हणत नव्हते?

वन्सं पॅसेजमध्येच होत्या. म्हणाल्या, "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, औषधातून येतात."

"कसल्या औषधातून? कसलं औषध, ते विचारलंस का?"

आयुष्यभर लोकांचे फोन जोडले, ती सवय जात नाही. दुसऱ्याच्या बोलण्यात तार घालायची.

१६ मार्च

खोली रिकामी केली. हे कामावर गेल्यावर, कारण हे असले की "राहू दे, राहू दे" म्हणत मधे मधे करतात.

कपाटावरून पुड्यांचा एक डबा, पलंगाखालून दोन. प्रत्येक पुडीवर वन्संच्या रेखीव अक्षरात लिहिलेलं: गुडघे, झोप, पोट, खोकला. मी सगळ्या फोडून कागदावर ओतल्या. किडा निघाला नाही. पण असल्या भुग्यात असला तरी दिसणार कसा? सगळं एका पिशवीत भरून गाठ मारून कचऱ्याच्या गाडीत टाकलं. लोकरही टाकली. अर्धवट विणलेलं एक छोटं स्वेटर होतं, ते बटाट्याच्या मापाचं वाटलं. तेही टाकलं. अळी निघालेल्या खोक्यातलं पोराच्या अंगात कोण घालणार?

वन्सं पलंगाच्या कडेला बसून होत्या. एकदाच म्हणाल्या, "गुडघ्याची पुडी तेवढी ठेव."

"एक ठेवली की सगळ्या ठेवल्यासारखंच," मी म्हटलं.

उंबऱ्यात त्यांच्या कवळीचा पेला पायाला लागून पडता पडता वाचला. मला शिसारी आली. माझ्या अंगावर काटा येतो तो किड्यांनी की ह्या खोलीने, ते आता वेगळं सांगता यायचं नाही.

१९ मार्च

किडे आहेत तसेच. उलट जास्त. आज छतातल्या दिव्याच्या भोकातून एक अळी भातावर पडली. टप. ह्यांनी ताट सरकवलं आणि उठून गेले.

अजून कुठेतरी औषध राहिलंय, नक्की. वन्संना विचारलं तर म्हणतात, "माझ्याकडे काही नाही." फवारेवाला म्हणालाच होता, ठेवणारे विसरतात.

२० मार्च

आज बोलून टाकलं. हे होते, वन्सं होत्या. मी म्हटलं, "बटाट्याची आई परवा येऊन घर बघणार आहे. ती मागची खोली आहे तशी तिला दाखवता येणार नाही. वन्संनी थोडे दिवस कुठे तरी राहावं. फवारा होईपर्यंत."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग बहिणीकडे. मला वाटलं आता "हं" म्हणतील, तेही म्हणाले नाहीत.

वन्संच म्हणाल्या, "माझी ती ऑफिसातली मैत्रीण एकटीच असते. कधीची बोलावतेय. जाते मी." आणि उठता उठता, "पण वहिनी, मी गेल्यावर तरी वर बघ."

"बॅग भरताना कपडे तेवढे झटकून घ्या," मी म्हटलं. "उगाच दुसऱ्याच्या घरी जायला नकोत." यात वाईट काय बोलले? कुणीही हेच सांगेल.

२१ मार्च

वन्संनी कपडे झटकले. पण खोलीत नाही. बाहेरच्या पायरीवर जाऊन, आणि तेही नेमके सगळ्या आया पोरांना न्यायला येतात तेव्हा. एकेक बॅगेतून काढायचं, दोन्ही हातांनी धरून झटकायचं, उलटं करून परत झटकायचं, घडी घालायची, ठेवायचं. परकर, ब्लाउज, आतले कपडेसुद्धा. पाळणाघरातल्या जुळ्या पोरांच्या आईने मान फिरवली. बाकीच्या बघत राहिल्या. पोरांना गंमत वाटली, तीही आपले रुमाल झटकायला लागली.

एकही पडला नाही. मला वाटतं, आधी आत झटकून घेतले असावेत.

ह्यांनी बॅग उचलली. वन्सं जाताना बटाट्याची आई दारातून आत येत होती. घर बघायला एक दिवस आधीच टपकली होती. तिने विचारलं, "आजी कुठे निघाल्या?" मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांच्याच खोलीतून येत होते हो. साठवण भारी त्यांची. आता निघाल्या, आता बघा कसं घर लखलखेल." तिने मागे वळून वन्संकडे बघितलं, मग "अच्छा" म्हणाली. आवाज तसाच शांत.

वन्संनी ऐकलं असावं. पायरी उतरताना त्यांनी कठडा धरला नाही, एरवी धरतात.

२४ मार्च

बटाट्या परत आला. पाळणाघर वाचलं.

दुपारी एकही पोर झोपलं नाही. मी गुणगुणून बघितलं. जुळ्यांपैकी एक म्हणाला, "ते नको. आजीचं."

२८ मार्च

वन्संची खोली धुऊन, पुसून, चुना लावून घेतली. पोरांच्या गाद्या आता तिथेच घालते. खरं सांगायचं तर घरातली तेवढी एकच खोली अशी आहे जिथे मला आठवडाभरात किडा दिसला नाही. औषध काढल्याचा गुण.

स्वयंपाकघरात मात्र राहवत नाही. मिठात कात. चहाच्या गाळणीत कात. काल रात्री तोंड धुताना टॉवेलमधून काहीतरी गालावर चाललं आणि मी किंचाळले. हे धावत आले नाहीत.

ह्यांचं बोलणं कमी झालंय. कमी म्हणजे आधी होतंच किती! कामावरून उशिरा येतात. जेवून आलो म्हणतात. मला वाटतं भातात अळी पडल्यापासून त्यांनाही किळस बसली.

३ एप्रिल

फवारेवाला आला.

आल्या आल्या म्हणाला, "औषध काढलं ना सगळं?" मी मान डोलावून त्याला मागची खोली दाखवली, चुना दाखवला. हे आज मुद्दाम घरी थांबले होते. तो खोलीत उभा राहून चारी भिंतींकडे बघायला लागला. "इथं? इथं तर काहीच नाही. वर जायचा रस्ता कुठंय?"

"वर कशाला?"

"औषध वर नाही ठेवलं?"

"वर?" मी म्हटलं. "अहो, औषध खोलीत होतं. पुड्या. चूर्णं."

"चूर्णं?" त्याने नाक ओढलं. "बाई, मी उंदराचं औषध विचारलं होतं."

हेच म्हणाले, "ते ठेवलंय. फेब्रुवारीत. स्वयंपाकघराच्या छतावर. स्टूल मीच धरलं होतं."

"मग मॅडम म्हणाल्या नणंदेने ठेवलंय, वर्षं झाली..." त्याच्या लक्षात आलं तसा तो मोठ्याने हसला. एकटाच. मग आपलं हसणं आपणच गिळून शिडी मागायला लागला.

त्याने झाकण सरकवलं आणि आधी धूळ पडली. धूळ नव्हे, काती. ओंजळ ओंजळ, त्याच्या डोक्यावर, माझ्या घासलेल्या ओट्यावर. मग हातमोजा घालून त्याने आत हात घातला आणि एकेक काढून खाली ओट्यावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर टाकायला लागला. उंदीर असं त्यांना म्हणवत नाही. चपट्या, कडक, केस गळालेल्या पिशव्या. पोकळ. शेपट्या तेवढ्या शाबूत. एक पिशवी कागदावर पडली आणि आतून खुळखुळली, आणि फाटल्या पोटातून केसाळ अळ्या बाहेर पडून ओट्याच्या कडेकडे चालायला लागल्या. वळवळत नव्हत्या, नीट चालत होत्या. कढईकडे, मिठाच्या बरणीकडे, पोरांच्या ग्लासांकडे.

दोन महिने मी त्याच्या खाली उभी राहून पोरांचं दूध तापवलं.

मला ओकारी आली ती मी दोन्ही हातांनी तोंड दाबून अडवली. मोरीवर काती पडल्या होत्या, मोरीत वाकणंसुद्धा शक्य नव्हतं. पुढच्या दाराने बाहेर पडले आणि पायरीवर बसून राहिले. त्याच पायरीवर.

फवारेवाला आतून ओरडून सांगत होता, "वास आला नव्हता का हो कुणाला? महिन्यापूर्वी जबरदस्त वास सुटला असणार!"

"आला होता," ह्यांचा आवाज आला. "माझ्या बहिणीला आला होता."

४ एप्रिल

छत काढायला घेतलं. ह्यांनी स्वतः. सुट्टी घेऊन, नाकाला रुमाल बांधून, एकेक तुकडा. आया विचारतील म्हणून पाळणाघर आठवडाभर बंद ठेवलं, "रंगकाम" असं दारावर लिहिलं. मी मदतीला गेले तर म्हणाले, "तू नको." एवढंच. त्या दोन शब्दांपुढे त्यांचं "हं" बरं होतं.

मी कळकट आहे. हे कुणाला म्हणता यायचं नाही म्हणून इथे लिहिते. मी दिवसातून चार वेळा फरशी पुसते आणि मी कळकट आहे.

७ एप्रिल

हे वन्संकडे जाऊन आले. त्यांना आणतील म्हणून मी खोली झाडून, नवी चादर घालून ठेवली होती. एकटेच आले.

"काय म्हणाल्या?"

"गुडघे दुखतात म्हणाली."

"आणि?"

"आणि काही नाही. चहा केला तिने."

चपला काढता काढता म्हणाले, "मी त्या दिवशी स्टूल धरलं होतं आणि बोललो नाही. ते तिला सांगून आलो." माझ्या वाटचं सांगायचं ते मात्र त्यांनी माझ्यावरच ठेवलं.

११ एप्रिल

उद्यापासून पोरं येणार. आज मी गेले.

गुडघ्याच्या चूर्णाच्या पुड्या कुठून आणायच्या ते माहीत नव्हतं. मग औषधाच्या दुकानात विचारत विचारत एक वैद्य गाठला. "कसलं औषध?" त्याने विचारलं. मी हसले की रडले कोण जाणे, तो माझ्याकडे चमकून बघायला लागला. गुडघे, झोप, पोट, खोकला, चारही घेतल्या. लोकरही घेतली. स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेल्या माझ्या कापडी पिशवीत सगळं भरलं आणि निघाले.

मैत्रिणीचं घर दुसऱ्या मजल्यावर, लहानसं. दार वन्संनीच उघडलं. मला बघून त्यांचा चेहरा काही बदलला नाही. आतून मैत्रिणीने विचारलं, "कोण गं?" त्या म्हणाल्या, "वहिनी आहे आमची."

मी जिन्यावर पाठ करून आलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. औषधाचं, फवारेवाल्याचं, छताचं. तुम्ही सांगत होता आणि मी ऐकलं नाही, हेही. "चला घरी," म्हटलं. "पोरं झोपत नाहीत. खोली तयार आहे."

त्या ऐकत होत्या. फोनवर पलीकडचा माणूस बोलून संपेपर्यंत थांबावं तशा थांबल्या. मग म्हणाल्या, "बटाट्याच्या आईला काय सांगितलं होतंस?"

माझी मान खाली गेली.

"आणि आता काय सांगितलंस? किडे कुठून आले म्हणून?"

"अजून काही नाही. रंगकाम म्हटलंय."

"मग मी तिथं येऊन त्या पोराला उचलून घेतलं तर त्याची आई माझ्या हातांकडे कशी बघेल, सांग."

मला वाटलं होतं मी रडेन आणि त्या राहू दे म्हणतील. त्या राहू दे म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या सगळ्या येतील ना न्यायला? तेव्हा पायरीवर सांग. जिथं मी झटकले तिथं. मग बघू माझं."

"सांगते," मी म्हटलं. म्हणायला काय जातं, असं नाही. बटाट्याची आई "अच्छा" म्हणेल आणि त्याचा हात धरून निघेल, पाठोपाठ बाकीच्या. ते मला आत्ताही दिसतंय.

वन्संनी पुड्यांकडे बघितलं. जरा मऊ झाल्यासारख्या वाटल्या. "बाहेर का उभी? ये, चहा घे," म्हणाल्या, आणि मी पाऊल उचललं तसा हात आडवा केला. रागाने नाही. सहज.

"पिशवी तेवढी झटक आधी. घर माझं नाही, हिचं आहे."

मी जिन्यात मागे सरले. पुड्या आणि लोकर काढून त्यांच्या हातात दिली, पिशवी दोन्ही हातांनी धरली आणि झटकली. शिवणीतून एक टपकन पडला. काळा, कमरेला फिक्कट पट्टा. उताणा पडला, पाय झाडून सरळ झाला आणि उंबऱ्याकडे चालायला लागला.

वन्संनी चप्पल पुढे करून तो दाबला. कर्र.

"उलटी करून परत झटक," त्या म्हणाल्या. मी पिशवी उलटी केली आणि परत झटकली.